पिवळ्या पिसाची खूण

या, असे जवळ सरकून बसा. मिनेसोटातल्या टॉलेफसन कुटुंबाचा म्हातारा भर उन्हात, हजार माणसांत कसा हरवला आणि सगळ्यांच्या डोळ्यांसमोर असूनही तासभर कसा सापडला नाही, ते सांगतो.

ऑरविल टॉलेफसन, वय एक्याऐंशी. लूथरन चर्चमध्ये चाळीस वर्षं प्रार्थनेतला खालचा सूर धरणारा माणूस. बायको लवॉन गेली आणि त्याने चर्चमधलं गाणंही सोडलं, घराचा उंबरा ओलांडणंही. दर उन्हाळ्यात ती दोघं जुन्या राजेरजवाड्यांच्या जत्रेला जायची. पाचशे वर्षांपूर्वीचे कपडे घालून सगळा गाव तिथे लोटतो. ऑरविलचा तांबडा मखमली झगा लवॉननेच शिवलेला.

"पप्पा, यंदा चलाच," सून मार्लिस म्हणाली.

"एकदाच येईन. कंटाळा आला तर यापुढे मला कुठंच बोलवायचं नाही. थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणालासुद्धा नाही. कबूल?"

मार्लिस "कबूल" म्हणाली आणि तयारीला लागली. तिने चार पानी बेत छापला. कितीला निघायचं, टर्कीची तंगडी कितीला खायची, घोडेस्वारांची झुंज कुठून बघायची, सगळं त्यात होतं. शेवटचा नियम ठळक अक्षरांत होता: प्रत्येकाच्या टोपीत पिवळं पीस. कोणी हरवलंच, तर त्याने जागेवर उभं राहून टोपी काढून हातात धरायची.

"एवढं कशाला गं?" नवरा डॅरेल म्हणाला.

"तू मागे दुकानात हरवला होतास. बेचाळीस वर्षांचा."

डॅरेलने टोपीत पीस खोचलं.

शनिवारी जत्रेच्या फाटकावर परडी घेतलेली एक मुलगी उभी होती. त्या दिवशीच्या झुंजीत एका स्वाराचा रंग पिवळा होता, म्हणून त्याच्या बाजूच्या प्रेक्षकांना ती पिवळी पिसं वाटत होती. पाहता पाहता अर्धी जत्रा टॉलेफसन झाली. मार्लिस तिच्याशी वाद घालून मागे वळते तो काय, सासरे गायब.

ती धावत जत्रेच्या कोतवालाकडे गेली. ही मंडळी मेली तरी आपलं सोंग सोडत नाहीत.

"माझे सासरे हरवलेत! तांबडा झगा, टोपीत पिवळं पीस!"

"हे सुंदरी," कोतवाल मिशीवर हात फिरवत म्हणाला, "अशी पिसं माझ्या मुलखात तीनशे आहेत."

"अहो, खरंच हरवलेत!"

"छान करता हो बाई तुम्ही. थोडं रडलात तर आणखी उठाव येईल."

मार्लिसला खरंच रडू आलं. कोतवालाने टाळ्या वाजवल्या.

शेजारी अर्ध्या चड्डीतला एक घामाघूम गृहस्थ उभा होता. "माझंही कोणी ऐकत नाही," तो म्हणाला. "नेहमीचा राजा आजारी आहे. बदली राजा मी आहे. कपडे आत मिळतील म्हणाले, आणि आता म्हणतात, राजा केव्हाच आत गेला!"

"ऊन लागलंय बिचाऱ्याला," डॅरेल कुजबुजला आणि त्याने त्याला लिंबू सरबत पाजलं.

तेवढ्यात तुतारी वाजली. महाराजांनी मेजवानीला सुरुवात करावी, अशी ललकारी झाली. मग मैदानावरून एक खोल, भरदार सूर आला. चर्चच्या तळघरात पंगत बसण्याआधी गातात ती जेवणाची प्रार्थना!

"हे पप्पा आहेत!" डॅरेल ओरडला.

प्रेक्षकांत निम्मे त्याच लूथरन पंथाचे. ही प्रार्थना कानी पडल्यावर त्यांना बसवतंय कोण? सगळे उठले, टोप्या काढल्या आणि सवयीने उंच-खालच्या चारही सुरांत गाऊ लागले. मंडळी, असं भरलं गाणं ऐकलं की देव वेगळा शोधावा लागत नाही. मार्लिस मात्र बघतच राहिली. तीनशे माणसं पिवळ्या पिसाच्या टोप्या हातात धरून जागेवर उभी. तिच्या नियमाप्रमाणे अख्खी जत्रा हरवली होती. टोपीऐवजी मुकुट घालून सिंहासनावर बसलेला तिचा सासरा तेवढा सापडलेला!

गाणं संपल्यावर ती धापा टाकत वर पोचली. "पप्पा! इथे कसे?"

"फाटकातच एकजण गुडघ्यावर बसला. म्हणाला, महाराज, उशीर झाला, चला. मला वाटलं तुझ्या बेतातलंच असेल. चार पानं कोण वाचतं?"

"आणि ही प्रार्थना?"

"मेजवानी सुरू करा म्हणाले. दुसरी कुठली रीत मला ठाऊक आहे?"

आता कोतवालाचा चेहरा पडला होता. तो सोंग विसरून म्हणाला, "आजोबा, अंगावर नाव-पत्ता काही नाही का हो?"

ऑरविलने झग्याची कॉलर उलटी केली. आत लवॉनचे बारीक टाके होते: ऑरविल टॉलेफसन, हरवल्यास घरी फोन करा. खाली घरचा नंबर.

"पप्पा," मार्लिस हळूच म्हणाली, "तिथे आता कोण उचलणार?"

"म्हणून तर बाहेर पडायची भीती वाटायची," म्हातारा कॉलर नीट करत म्हणाला. "आज हरवून पाहिलं. जमतं की."

अर्ध्या चड्डीतल्या राजाला ऑरविलने तिथल्या तिथे आपला प्रधान नेमलं. तो बिचारा खुशीत तंगडी खाऊ लागला.

"मग थँक्सगिव्हिंगला येणार ना?" मार्लिसने भीतभीत विचारलं.

"येईन. पण प्रार्थनेचा सूर मी धरणार. आणि पुढच्या शनिवारी मी इथेच असेन, या जत्रावाल्यांनी राजा म्हणून बोलावलंय. तुम्ही तिकीट काढून या. आल्यावर मुजरा करायचा."

मंडळी, चार पानांचा तो बेत विसरलात तरी चालेल. तेवढी ती टाके घालणारी लवॉन मात्र ध्यानात असू द्या. तुमच्या घरात सूर लागेल तेव्हा एकदा तिची आठवण काढा.