आधी अर्थिंग, मग चहा

कर्णिक मॅडम कुणाच्याही घरी गेल्या की चपला काढायच्या आधी विचारतात, "अर्थिंग आहे ना?" समोरचा "या, बसा" म्हणायला तोंड उघडतो आणि तसाच राहतो. तोवर मॅडम पर्समधून टेस्टर काढून भिंतीकडे निघालेल्या असतात. मागे दारात मी. खांद्यावर वायरचं भेंडोळं, नजर फरशीवर. घरातली बाई चहाचं विचारते, तर मॅडम हात वर करून म्हणतात, "आधी अर्थिंग, मग चहा." एवढी घरं झाली, पण हे वाक्य ऐकलं की माझे कान अजून गरम होतात.

मी त्यांचा ड्रायव्हर. बुलढाण्याकडचा. शाळा आठवीत सुटली, मग मिळेल ते करत इकडे आलो आणि घोडबंदर रोडच्या त्यांच्या सोसायटीत गाड्या पुसायला लागलो. मॅडमनी इलेक्ट्रिक गाडी घेतली, वर्षभर स्वतः चालवली, आणि मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर मला विचारलं, "गजानन, चालवशील?" लायसन्सही त्यांनीच काढून दिलं. त्यामुळे उद्या त्या विहिरीत वायर सोड म्हणाल्या तरी मी सोडीन. फक्त तेव्हा आजूबाजूला माणसं नसावीत, एवढंच वाटतं.

गाडी घेतली, पण सोसायटीने पार्किंगमध्ये चार्जर लावू दिला नाही. सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, बॅटरीने आग लागते." मॅडम म्हणाल्या, "तुमच्या दिवाळीच्या माळा मी बघितल्यात. उघड्या वायरींना सेलोटेप. माझी गाडीच तुम्हाला घाबरते."

तेव्हापासून गाडी ओळखीच्यांच्या घरी भरायची, आणि त्यासाठी डिकीत एक शबनम पिशवी असते. तिच्यात मॅडमचे सगळे प्लग आणि अ‍ॅडाप्टर. प्रत्येकाला नाव आहे. साध्या पाच अँपिअरच्या बोर्डात जाडा प्लग बसवणारा एक चौकोनी ठोकळा आहे, तो ‘साहेब’. काम कमी आणि तापतो लगेच, म्हणून. त्याला शक्यतो बाहेर काढायचं नाही. कारखान्यातल्या निळ्या सॉकेटात बसणारा तो ‘पैलवान’. लांबलचक एक्स्टेन्शन म्हणजे ‘मावशी’, ती कुठेही पोचते. मॅडम चारचौघांत ओरडतात, "गजानन, साहेबांना हात लाव, तापलेत का बघ!" लोक माझ्याकडे बघतात. मी ठोकळ्याला हात लावतो.

गाडीबरोबर आलेला चार्जर त्यांनी खोपटच्या एका मिस्त्रीकडून बदलून घेतलाय. टोकाला हवा तो प्लग लागतो आणि करंट कमी करायचं बटण आहे. "लोकांच्या भिंतीत जुनी वायरिंग असते रे. तिच्यावर जोर टाकायचा नाही." जोर टाकला नाही की गाडी इतकी सावकाश भरते की सकाळी लावली तर दिवेलागण होते. तोवर मॅडम त्या घरात बसून राहतात आणि मी जिन्यात.

एकदा कल्याणला लग्नाला गेलो होतो. मॅडमना कॅटररच्या मागे उत्तम अर्थिंगचा बोर्ड सापडला. त्यात आधीच काहीतरी लावलेलं होतं. ते त्यांनी काढलं. पंगत बसली तेव्हा कळलं की तो कुल्फीचा फ्रीजर होता. नवऱ्या मुलाचा मामा ओरडला, "ही बाई कुणाकडची?" मुलीकडचे म्हणाले, "तुमच्याकडची ना?" मॅडम शांतपणे म्हणाल्या, "मी दोन्हीकडची आहे. आणि मठ्ठा फार छान झालाय." मी तोवर गाडीमागे खाली बसून टायरची हवा बघत होतो. तीन वेळा बघितली.

पण खरी लाज गेल्या महिन्यात वाटली.

सकाळीच मॅडम म्हणाल्या, "माजिवड्याच्या फास्ट चार्जरवरून गाडी फुल्ल करून आण. डोंबिवलीला जायचंय." मी आणली. जायचं होतं नलिनीताईंकडे. दोघी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये शेजारशेजारच्या बोर्डांवर बसायच्या. नलिनीताईंचे मिस्टर नुकतेच वारले होते, तेरावंही होऊन गेलं होतं. रस्ताभर मॅडम गप्प होत्या. मला बरं वाटलं. म्हटलं, गाडी भरलेली आहे, घर दुःखातलं आहे, आज अर्थिंग नाही.

पहिल्या मजल्यावरचं जुनं घर. काकांच्या फोटोला चंदनाचा हार. नलिनीताई खुर्चीत बसल्या होत्या, भिंतीकडे बघत. आलेली दोन माणसं आम्हाला बघून उठली. "काही लागलं तर सांगा हं," म्हणाली आणि गेली. नलिनीताईंचा मुलगा आदित्य बंगळूरहून आलेला. तो हळू आवाजात मॅडमना म्हणाला, "मावशी, आई बोलतच नाही. जेवणाचा डबा मागवतो, तो तसाच राहतो. स्वयंपाकघरात तर तिने पाऊल टाकलेलं नाही. मला उद्या निघावंच लागणार. हिला असं सोडून कसा जाऊ?"

मॅडमनी फोटोला हात जोडले. मग वळल्या.

"नलू, अर्थिंग आहे ना ग?"

मला वाटलं, फोटोतल्या काकांनीसुद्धा मान वर केली.

"मॅडम, गाडी तर सकाळीच..."

"वायर आण, गजानन."

आदित्यचा चेहरा बदलला. "मावशी, शीळ रोडला फास्ट चार्जर आहे. पाऊण तासात होईल."

"फास्ट मला सोसत नाही."

मी डिकीतून वायर वर आणली, बाल्कनीतून तिचं टोक खाली सोडलं आणि परत गाडीपाशी गेलो. खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ बनियनवर बाहेर आले. "अहो, मयताच्या घरची वीज ओढताय? लाज नाही वाटत?"

"वाटते हो," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

वर गेलो तर मॅडम हॉलमधल्या बोर्डाशी झटत होत्या. प्लग बसत नव्हता. की बसवत नव्हत्या, देव जाणे. "हा सैल आहे ग. दुसरा कुठला? नलू, मी तुला विचारतेय. कुठला?"

खुर्ची करकरली.

"तो नाहीच चालत," नलिनीताई म्हणाल्या. "फ्रीजमागचा घे. यांनी मिक्सरसाठी मुद्दाम बसवून घेतला होता. थांब, तुला नाही सापडायचा." आणि त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. मुलगा बघतच राहिला. आतून आवाज आला, "आदित्य, हा चहाचा डबा इथे कुणी ठेवला? ही का जागा त्याची?"

मी परत खाली. गाडीला चार्जर लावला, तर लगेच हिरवा दिवा लागून तसाच राहिला. घरच्या विजेवर ती नव्वद टक्क्यांपुढे भरणार नाही असं मॅडमनी लावून ठेवलंय, आणि डोंबिवलीपर्यंत येऊनही ती नव्वदच्या वरच होती. सांगायला वर निघालो, तर मॅडम जिन्यातच भेटल्या.

"मॅडम, गाडी फुल्ल आहे. काहीच ओढत नाहीये."

"माहीत आहे मला. हळू बोल." त्या कठड्याला धरून उभ्या राहिल्या. "आमचे हे गेले ना, तेव्हा सगळे यायचे. पंधरा मिनिटं बसायचे, काही लागलं तर सांगा म्हणायचे आणि उठायचे. त्यांचं चुकलं असं नाही. मीच म्हणायचे, तुम्हाला उशीर होईल, निघा. मग दार लावून घ्यायचे आणि..." त्यांनी वर नलिनीताईंच्या दाराकडे बघितलं. "नुसती बसायला आलेय म्हटलं तर नलूही मला अशीच घालवेल. वायर लावलेल्या माणसाला घालवता येत नाही."

इतके दिवस मला त्यांची लाज वाटत होती. त्या पायरीवर ती फिरून माझ्याकडेच आली. ज्या ज्या घरांबाहेर मी जिन्यात बसून कधी एकदा निघतो म्हणत होतो, त्या घरांत एकेकटं कोण कोण होतं, ते आता आठवायला लागलं.

आम्ही आत गेलो. आदित्यने घड्याळ बघितलं. "झाली का हो चार्ज?"

मॅडम माझ्याकडे बघत नव्हत्या. सगळं माझ्यावर होतं. खोटं बोलायचं म्हटलं की माझी जीभ जड होते.

"नाही साहेब," मी म्हणालो. "इथे व्होल्टेज कमी आहे. संध्याकाळ होईल."

नलिनीताई दारात आल्या. हातात परात होती. मॅडमना म्हणाल्या, "मग जेवूनच जा, वसू. डब्यातलं नको, मी कणीक भिजवते." माझ्याकडे वळून म्हणाल्या, "तू रे? किती पोळ्या खातोस?"

परक्या घरी मी कायम दोन सांगतो. त्यातून हे असं घर. तोंड उघडणार, तेवढ्यात मॅडम फोटोकडे बघत, ओठ न हलवता पुटपुटल्या, "सात सांग."

मी मान खाली घातली.

"सात," म्हणालो.

आत पिठाच्या डब्याचं झाकण पुन्हा उघडलं.