आमच्याकडे नसतं हे

आमच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या पल्लवीला काहीच ओळखू येत नसे. अंबाडीची जुडी दिसली की विचारी, "काकू, हा पाला कशाचा?" माझ्या बायकोने, मंगलाने, तिला ज्वारीच्या कण्या म्हणजे काय तेही समजावून सांगितलं. पल्लवीने सगळं नीट ऐकून घेतलं, म्हणाली, "इंटरेस्टिंग. आमच्याकडे नसतं हे," आणि मंगलापेक्षा जास्त जेवली.

मी हिशेब तपासायची नोकरी करतो. दोन बाजू जुळल्या नाहीत की मला चैन पडत नाही. अंबाडी न ओळखणारी ही मुलगी त्याच भाजीवर लसणाच्या फोडणीचं तेल मागून घेत होती, आणि ते तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

उलगडा एका गायीने केला. उघड्या फाटकातून ती आत शिरली आणि मंगलाच्या शेवंतीला लागली. मी काठी घेऊन लांबूनच हट हट करत होतो. गाय माझ्याकडे पाहत चरत होती. तेवढ्यात पल्लवी जिना उतरून आली, गायीच्या मानेवर थाप मारून म्हणाली, "काहून वं, कुठं घुसून राहिली? चाल, हो भायेर." गाय मुकाट्याने निघून गेली. मग पल्लवीचं माझ्याकडे लक्ष गेलं.

"किती मोठी असते ना काका, गाय," ती म्हणाली. "मला तर भीतीच वाटते."

मी हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार?

पुढे तिने मंगलाला हळूहळू सांगितलं. वलगावच्या पुढचं एक खेडं, घरचं झेंडूचं वावर. कॉलेजसाठी अकोल्याला गेली, तेव्हा होस्टेलच्या मेसमध्ये पहिल्याच दिवशी म्हणाली, "मले पोळी नको." टेबलावर वकिलांच्या, प्राध्यापकांच्या मुली होत्या. त्या हसल्या, आणि शिक्षण संपेपर्यंत तिचं नाव 'मले'च राहिलं. तेव्हापासून तिने एकेक गोष्ट न ओळखायला सुरुवात केली.

आता ती अमरावतीत एका इंग्रजी शाळेत शिकवायची. स्टाफरूममध्ये तिने सांगून ठेवलं होतं, "बाबा फ्लोरिकल्चरमध्ये आहेत." मी यावर बराच विचार केला. ते खोटं धरता येत नव्हतं, आणि खऱ्याच्या रकान्यातही बसत नव्हतं. तिथे ती बिनसाखरेची कॉफी प्यायची, डब्यात सँडविच न्यायची आणि संध्याकाळी आमच्या स्वयंपाकघरात भाकरीवर तुटून पडायची. एवढं करूनही तिथल्या बायका दर थोड्या दिवसांनी विचारत, "तू मूळची कुठली गं?"

"अमरावतीचीच म्हटलं, तर विचारतात अमरावतीत कुठे," ती मला म्हणाली. "काका, आपण मूळचे कुठले सांगायचं?"

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती खाली येऊन पायरीवर बसली. "मी थकली, काका," ती म्हणाली. माझ्याशी ती पहिल्यांदाच तिच्या घरच्या बोलीत बोलत होती. "दोन दिवस घरी राहीन. चपला काढून ठेवीन, मायजवळ बसून हार ओवीन. तिथं मले कोणाले काही दाखवा नाही लागत."

मला फुलं आणायचीच होती. मी तिला गाडीतून घेऊन गेलो.

अंगणात झेंडूचा हा ढीग. भोवती तिची आई आणि शेजारच्या बायका सुयांनी हार ओवत बसल्या होत्या. गाडी पाहून आई लगबगीने उठली. वडिलांनी प्लास्टिकची खुर्ची खांद्यावरच्या दुपट्ट्याने पुसली, मग पुन्हा एकदा पुसली.

"या, बसा," आई म्हणाली. मला म्हणाली असं वाटलं. पण ती लेकीशी बोलत होती.

पल्लवीने चपला काढल्या. आईने त्या उचलून परत तिच्या पायापाशी ठेवल्या. "खाली खडे हायेत. टोचतीन तुमाले."

"माय, तू मले तुमी काहून म्हणून राहिली?"

"आता शिकलेल्या तुमी. बरं दिसते का?"

एका शेजारणीने पंखा तिच्याकडे वळवला. वडिलांनी दुकानातून विकतच्या पाण्याची बाटली आणली. मला तांब्यातलं दिलं.

"हे कशाले?" पल्लवी म्हणाली.

"मांगच्या दिवाळीले तुमी संग बाटली आणली होती नं," आई म्हणाली. "मंग मीच तुमच्या बाबाले म्हटलं, आपलं पाणी पोरीले सोसत नाही."

पल्लवी खुर्चीवरून उतरली, ढिगाजवळ बसली आणि एक सुई उचलली. आईने ती तिच्या हातातून अलगद काढून घेतली. त्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. पोरीने नाव काढलं याचं कौतुकच त्या बाईच्या तोंडावर होतं.

"राहू द्या," ती म्हणाली. "डाग पडतीन कपड्याले. तुमी बसा, मी चहा करते. बिनसाखरेचा."

पल्लवी पुन्हा खुर्चीत बसली. तिने तो चहा संपवला. मी निघालो तेव्हा तीही उठली. कोणी आग्रह केला नाही. मॅडमला शहरात कामं असणार, असं सगळ्यांनीच धरलं होतं. आईने एक मोठा हार पिशवीत घालून दिला.

वाटेत वलगाव मागे पडलं. पिशवी तिच्या मांडीवर होती.

घरी मंगलाने हार दाराला लावला आणि मागे सरून पाहिला. "किती एकसारखा ओवलाय. मलाही शिकव ना गं."

पल्लवी जिन्याच्या कठड्याला धरून उभी होती.

"मला नाही येत, काकू," ती म्हणाली. "आमच्याकडे नसतं हे."

आणि ती वर गेली.