झोपलेली स्प्रिंग

२०२२ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि माझ्याच धंद्याच्या कामात प्रभाकररावांनी मला तोंडावर बोट ठेवायला लावलं.

"हळू बोला मिस्त्री," ते म्हणाले. "ती झोपली आहे."

ती म्हणजे गाडीची पुढची डावी स्प्रिंग.

माझं शिक्षण तिसरी नापास. पण इथं नागपूरच्या वाडीत, अमरावती रोडवर, चाळीस वर्षं मी ट्रकच्या कमानी, म्हणजे पाट्यांच्या स्प्रिंगा, बांधल्या. माझं काम बिघडून परत आलं असं सांगणारा एक ड्रायव्हर आणून दाखवा.

प्रभाकरराव माझे शेजारी. सरकारी कचेरीत जमिनीचे नकाशे काढायचे. रिटायर झाल्यावर त्यांनी अंगणातल्या टिनाखाली वडिलांची जुनी काळी गाडी उघडली, ती नऊ वर्षं उघडीच. बायको वारलेली, मुलगी हैदराबादला. ती फोनवर म्हणायची, "बाबा, घर बंद करा, इकडे या." हे म्हणायचे, "गाडी चालू झाली की त्याच गाडीनं येतो."

माणूस भारी विचित्र. काढलेला प्रत्येक नट काडेपेटीत ठेवायचे आणि वर नकाशातल्या बारीक अक्षरात लिहायचे, 'डावा, मागचा, जरा रुसका.' दुपारी दोन ते चार इंजिनाला हात लावायचा नाही, कारण तेव्हा ते म्हणे स्वप्न पाहतं. काय पाहतं, मी विचारलं. "उतार," ते म्हणाले.

त्या दिवशी त्यांनी गाडीभोवती खडूनं मोठा गोल काढला. स्प्रिंग बसेपर्यंत त्याच्या आत समोरून कोणी यायचं नाही.

"एवढ्याशा स्प्रिंगले काहून भिता जी?" मी म्हणालो. "दहा टनाच्या कमानी भरल्या मी."

"तुमची कमान पाट्यांची, मिस्त्री. ती बैल आहे. ही वेटोळ्यांची, मांजर आहे. दाबली की गप्प बसते, सुटली की डोळ्यांवर येते."

मी ऐकणारा नव्हतो. पहार घेतली, समोर बसलो, जोर लावला. स्प्रिंग निसटली, माझ्या कानाजवळून गेली आणि मागच्या पाण्याच्या ड्रमवर आदळली. मी उठून ड्रम पाहिला. त्याला हंड्याएवढा खळगा पडला होता.

"ड्रम आधीचाच चेपलेला होता," मी म्हणालो.

"होता," प्रभाकरराव म्हणाले.

मग त्यांच्या पद्धतीनं केलं. टोकाला हूक असलेले दोन लांब बोल्ट स्प्रिंगच्या दोन बाजूंना लावले. वेटोळ्यांतून साखळी ओवून गाडीच्या सांगाड्याला बांधली. खालून जॅक दिला. मी एका बाजूला, ते दुसऱ्या बाजूला, समोर कोणीच नाही. "अर्धा फेरा तुमचा, अर्धा माझा," ते पुटपुटत होते. टिनाच्या भोकांतून उन्हाचे ठिपके वेटोळ्यांवर सरकत होते. कूलरचं पाणी ठिबकत होतं. रोडवरचे ट्रक कुठंतरी तळ्याच्या बुडाशी चालले आहेत असं वाटत होतं. स्प्रिंग आखडत गेली, आखडत गेली आणि आपल्या जागेत सरकली. किती वेळ गेला ते मला समजलं नाही. मीही कुजबुजत बोलत होतो.

हुकांचे बोल्ट काढले, बैठकीचे बोल्ट आवळून मी नटावरून सांगाड्यापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढली. ती माझी सही. नट हलला की रेघ तुटते. मग त्यांचा फोन घेऊन मीच मुलीला सांगितलं, "बाई, आठ दिवसांत गाडी तयार. माझा शब्द हाय." ती इतकी खूश झाली की बोलता बोलता रडली. तिनं त्यांच्यासाठी खोली रंगवायला काढली. प्रभाकरराव हेडलाइट पुसत बसले होते. एकच हेडलाइट, तासभर.

सहाव्या दिवशी त्यांनी बोलावलं. "मिस्त्री, गाडी ढकलली की डावीकडून आवाज येतो."

माझ्या कामातून आवाज? मी रागातच गेलो. गाडीखाली वाकून पाहिलं तर पिवळी रेघ तुटलेली.

"कोणी उघडली?"

ते काडेपेट्या ओळीत लावत बसले.

"प्रभाकरराव, मी विचारून राहिलो."

"मी."

"एकट्यानं?" मी ड्रमला धरून खाली बसलो. "साखळी तरी लावली होती?"

"लावली होती. आणि हळू बोलत होतो."

"कोणाशी?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. म्हणाले, "मुलगी गुणाची आहे. तिथं सगळे माझं ऐकतात. मी बोललो की मान डोलावतात. हुज्जत घालणारं कोणी नाही हो तिथं."

मी पिशवीत पाने-पक्कड भरले आणि घरी आलो. बायकोनं विचारलं, गाडीचं काय झालं? तिलाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी हैदराबादला फोन लावला.

"बाई, स्प्रिंग मी चुकीची बसवली," मी म्हणालो. "सगळं परत उघडा लागंल."

पलीकडून ती म्हणाली, "किती दिवस लागतील, काका?"

"उन्हाळा जाऊ दे," मी म्हणालो. "अन् बाबाले सांगून ठेव, मी आल्याबिगर त्या गाडीले हात लावायचा नाही."