आखूड वायरीचे हरीभाऊ

हरीभाऊ चुरींना लांब वस्तू बघवत नसे. त्यांच्या खिशात कायम पक्कड असायची आणि काही लोंबताना दिसलं की ती बाहेर यायची. बोईसरच्या चाळीत मी राहायला आलो त्याच आठवड्यात त्यांनी माझी कपडे वाळत घालायची तार कापून आखूड केली. का, तर म्हणे, "झोल हुता." पावसाळ्यात विहीर भरलेली बघून त्यांना दोर उगाच लांब वाटला. तोही कापला. उन्हाळ्यात बादली पाण्याच्या वर लोंबकळत राहिली आणि चाळीतल्या बायकांनी हरीभाऊंच्या सात पिढ्यांचा उद्धार केला.

चाळीच्या तोंडाशी त्यांचं बॅटरी चार्जिंगचं दुकान होतं. अ‍ॅसिड उडून उडून त्यांच्या अंगावर शर्ट कमी आणि भोकं जास्त उरली होती.

तेव्हा तारापूरला अणुवीज केंद्र उभं राहत होतं. मी तिथे भांडारात कारकून. पण शेजारच्या घिवली गावात, हरीभाऊंच्या घरी, जिथे त्यांची बायको एकटी राहायची, अजून कंदीलच होता. घरचा मोठा लाकडी रेडिओ ट्रकच्या बॅटरीवर चाले. बॅटरी बारा व्होल्टची, रेडिओला लागत दोनशेच्या वर. म्हणून मधे व्होल्टेज चढवणारं एक खोकं. ते हरीभाऊंनी स्वतः बनवलेलं. खोकं व्होल्टेज चढवी, पण त्यापायी बॅटरीतून घटाघटा करंट पिई आणि त्यातला बराचसा वायरी तापवण्यातच वाया घालवी. शनिवारी नेलेली बॅटरी आठवडा काढायच्या आतच मान टाकायची. मग पुढच्या शनिवारी हरीभाऊ घरी जाईपर्यंत रेडिओ मुका.

"लांब वायर म्हंजे घरजावई, भाऊ," ते मला सांगत. "बसून खातो, कमवत नाय."

म्हणून ते वायर कापत. जाड वायर आणत, पुन्हा कापत. स्क्रू इतके आवळत की स्वतःचेच दात करकरत. ट्रान्सफॉर्मर किती वेळा उलगडून पुन्हा गुंडाळला, देव जाणे. आणि दर सोमवारी तोंड पाडून यायचे.

"अहो, खिशातला ट्रान्झिस्टर घ्या," मी म्हणायचो. "इवल्याशा सेलवर चालतो."

"त्यो आमच्या कामाचा नाय," एवढं बोलून ते पाठ फिरवत. अडेलतट्टू माणूस, असं चाळीने ठरवून टाकलं होतं. मीही.

एका शनिवारी त्यांची कंबर धरली, म्हणून बॅटरी उचलायला मी त्यांच्याबरोबर घिवलीला गेलो. वहिनी ओटीवर भाजी निवडत होत्या. मी नमस्कार केला, त्यांनी मान वर केली नाही. मी जोरात म्हटलं, "नमस्कार, वहिनी!"

"ओरडू नका, भाऊ," हरीभाऊ शांतपणे म्हणाले. "तिला लहानपणापासून ऐकू येत नाय."

मी गारच पडलो. मग रेडिओ कुणासाठी?

हरीभाऊंनी वायरी जोडल्या. भजन लागलं. वहिनी हात पुसत आत आल्या, रेडिओला पाठ टेकून बसल्या आणि त्यांची बोटं मांडीवर अचूक ताल धरू लागली. चेहरा असा फुलला की मला बघत राहावंसं वाटलं.

"खिशातला निस्ता बोलतो," हरीभाऊ म्हणाले. "ह्यो हालतो. मी तिकडं बोईसरला. हितं तिला सोबत कोनाची?"

त्या दिवशी मी त्यांची एकदाही थट्टा केली नाही, आणि हे माझ्या स्वभावात बसत नाही.

पुढे काही महिन्यांनी एका सोमवारी ते हसत आले. "बॅटरी पुरली! परवा गेलो तं रेडिओ चालूच!"

"मग वहिनी खूश?"

"लय. मी दारात उबा, तरी तिला पत्ता नाय." ते हसले आणि मग खिशातली पक्कड काढून पुसू लागले. "आदी बॅटरी मेली का शनवारी वाटंवर येऊन उबी रायाची. बॅटरीचीच वाट बघायची म्हना. पन मला वाटायचं, माजी बघते."

"मग लावा परत लांब वायर," मी म्हटलं.

ते माझ्याकडे डोळे वटारून बघत राहिले. मग दुकानात नव्याने बांधायला घेतलेलं दुसरं खोकं पुढे ओढून त्यांनी वायरीचं एक टोक माझ्या हातात दिलं.

"धरा नीट. अजून वीतभर कमी व्हईल. मी एकांद्या शनवारी नाय पोचलो तं?"