दोनशे वीस खुर्च्यांची माफी

"माणूस ओळखायला मला दोन मिनिटं लागतात," एहसान सर म्हणायचे, "आणि त्यातलं एक चष्मा पुसण्यात जातं."

तेहतीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या सरांना फळा उरला नव्हता, म्हणून ते आपल्या किकवी गावातली माणसं गणितासारखी सोडवत बसायचे. रीत सोपी होती. एखाद्या संख्येला ज्या ज्या लहान संख्यांनी पूर्ण भाग जातो, त्या सगळ्यांची बेरीज करायची. बेरीज त्या संख्येएवढीच आली की ती परिपूर्ण. सहाचे भाजक एक, दोन, तीन, मिळून सहाच. बेरीज कमी पडली तर संख्या अपुरी, वर गेली तर भरमसाट. या हिशेबात किकवीतली बहुतेक माणसं अपुरी निघायची, पुढारी तेवढे भरमसाट. परिपूर्ण कोण, हे मात्र सर विनयानं सांगत नसत.

सगळा घोटाळा झाला तो रतनपायी. शिवऱ्याचा रतन हा सरांचा आठवीपासूनचा दोस्त, खुर्च्या भाड्यानं देणारा. भोरच्या शाळेत गुरुजींनी दोघांना एका बाकावर बसवून मित्रसंख्या शिकवल्या होत्या. दोनशे वीसच्या भाजकांची बेरीज येते दोनशे चौऱ्याऐंशी, आणि दोनशे चौऱ्याऐंशीच्या भाजकांची बरोब्बर दोनशे वीस. रतनची बेरीज तेव्हा दोनशे त्र्याऐंशी आली. एकानं तर सगळ्यांनाच भाग जातो, त्याला काय मोजायचं, म्हणून त्यानं एक सोडूनच दिला होता. त्यावर सरांनी त्याला पुढची अठ्ठेचाळीस वर्षं छळलं, आणि रतननं ते हसून घेतलं.

गेल्या वर्षी मात्र रतनच्या धंद्याला पंचवीस वर्षं झाली म्हणून कार्यक्रम होता, आणि कुणीतरी सरांच्या हातात माईक दिला.

"सत्तर ही विचित्र संख्या," सर म्हणाले. "भाजकांची बेरीज चौऱ्याहत्तर, म्हणजे ऐवज भरपूर. पण त्यातले कुठलेही निवडून घ्या, सत्तर काही केल्या जुळत नाहीत. आमचा रतन म्हणजे सत्तर."

शिवरे गाव पोट धरून हसलं. रतन उठून गेला तो गेलाच. चौदा महिने बोलणं बंद.

सरांचा संताप असा, की सत्तरच्या आधी तसली एकही संख्या नाही. सगळ्या विचित्रांत पहिला नंबर दिला, आणि हा रुसतो? चाळीस वर्षं ईदच्या शिरखुर्म्याचा पहिला डबा शिवऱ्याला जायचा. या ईदला तो फ्रीजमध्येच राहिला. सरांच्याही घशाखाली घास उतरला नाही, आणि त्याचाही त्यांना रागच आला.

शेवटी भोरला बाजाराला निघालेल्या सरांच्या पत्नी खुर्शिदाबी दारातच थांबल्या. "रतनभावजींची माफी मागा. न्हाईतर पुढच्या ईदला म्या शिरखुर्मा करनार न्हाई."

"माफी? मी?"

"मग काय म्या मागू? तुमीच बोलला ना माईकवर?" एवढं बोलून त्या एसटी गाठायला गेल्या.

सरांनी तासभर अंगणात फेऱ्या मारल्या. मग त्यांना आपल्या बुद्धीचंच कौतुक वाटलं. मोबाईल काढून त्यांनी रतनच्या नंबरवर एवढंच पाठवलं: २२०. समोरून २८४ आलं की झालं. माफी मागितलीही आणि मागितलीही नाही.

पण तो मोबाईल आता रतनच्या बायकोकडे असायचा. ऑर्डरी दीपमालावहिनी घेत, आणि त्यांच्या धंद्याची एक पद्धत होती. लग्नवाले तारीख, वेळ, मांडव, सगळं चार-चारदा कळवतात. ज्याच्या घरात माणूस गेलंय, तो फक्त आकडा पाठवतो. अशा वेळी काही विचारायचं नाही, खुर्च्या निमूट पोचत्या करायच्या. त्यांनी आकडा पाहिला, पाठवणाऱ्याचं नाव पाहिलं आणि डोळे पुसत टेम्पो भरायला सांगितला. मग विंझरला मांडव घालत असलेल्या रतनला त्यांनी फोन लावला.

बाराच्या सुमाराला सरांच्या दारात टेम्पो लागला. रतनच्या खुर्च्या पोचवणारे म्हातारे रखमाजी खाली उतरले, त्यांनी टोपी काढली आणि एक शब्द न बोलता खुर्च्या मांडायला घेतल्या.

"हे काय चाललंय?" सर ओरडले.

"दोनशे वीस हाईत, सर."

"दोनशे वीस मी पाठवले होते. त्याच्याकडून दोनशे चौऱ्याऐंशी यायला पाहिजेत. एवढं साधं गणित येत नाही त्याला?"

दुःखात माणूस असंच वाकडं बोलतो, हे रखमाजींनी पुष्कळ पाहिलं होतं. ते मान हलवून गेले आणि अर्ध्या तासात आणखी चौसष्ट खुर्च्या घेऊन आले.

मांडव नाही, वाजंत्री नाही आणि भरदुपारी दारात खुर्च्यांच्या रांगा. किकवीनं अर्थ लावला. माणसं हळूहळू येऊन खाली मान घालून बसू लागली. सर दिसतायत, खुर्शिदाबी दिसत नाहीत. म्हणजे गेलं कोण, हे कुणाला विचारायची गरजच उरली नाही.

"धीर धरा, सर," एक जण म्हणाला.

"कशाचा धीर? उठा आधी. कुणी बोलावलं तुम्हाला?"

"ह्याला बोलवनं कशाला लागतंय?" शेजारच्या फुलाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "लई गुनाची बाई. तुमच्यासंगं कसे दिवस काढले तिचं तिला म्हाईत."

सर एकेकाला हाताला धरून उठवू लागले. दोघांनी त्यांना धरून खुर्चीत बसवलं, तिसऱ्यानं पाणी पाजलं. तेवढ्यात भाजीची पिशवी घेऊन खुर्शिदाबी एसटीतून उतरून आल्या आणि आपल्याच मयतीच्या गर्दीतून वाट काढू लागल्या.

"कोन गेलं वं?" त्यांनी फुलाबाईंनाच विचारलं.

फुलाबाई रडायच्या थांबल्या आणि त्यांना जरा रागच आला. एवढं रडणं फुकट गेलं होतं.

कुणी काही समजावून सांगणार, तोच रतनची मोटरसायकल अंगणात शिरली. धुळीनं माखलेल्या तोंडावर पाण्याचे ओघळ. समोर सर बसलेले बघून तो जागीच थिजला.

"तू जित्ता हाईस?"

"मग? तुझी परवानगी काढायला पाहिजे होती काय?"

"तुझ्या फोनवरनं नुसता आकडा आला, म्हंजी तूच गेलास वाटलं. म्या विंझरपास्नं रडत आलोय, गाढवा. रस्ता दिसत न्हवता मला." रतननं मोटरसायकल तशीच आडवी सोडली. "चौदा म्हैनं बोललो न्हाई, आता कुनाशी बोलू, म्हनत आलो. आन् तू हितं खुर्ची टाकून बसलायस?"

सरांच्या तोंडाला रागाशिवाय दुसरं काही येत नव्हतं. "चुकलं माझं! माईकवर बोललो ते चुकलं. बास? तेच तर कळवलं होतं. दोनशे वीस म्हणजे काय, विसरलास?"

बसलेल्या सगळ्यांनी ही माफी ऐकली. रतननं नाक पुसलं, थोडा वेळ बोटांवर काहीतरी मोजलं आणि चिडून म्हणाला, "मग शिस्तीत लिवायचं की, 'चुकलं' म्हनून. तीनच अक्षरं हाईत."

"ह्यांस्नी आकडं सोपं जात्यात," खुर्शिदाबी म्हणाल्या आणि चहा टाकायला आत गेल्या.

चहा घेतल्याशिवाय कुणी उठलं नाही. माणसं पांगल्यावर रखमाजी खुर्च्या टेम्पोत चढवू लागले आणि रतन मोजू लागला. मोजून झाल्यावर त्यानं कपाळाला हात लावला. "दोनशे त्र्याऐंशी. एक कमी भरतीया."

सरांचा चेहरा खुलला. सबंध दिवसात पहिल्यांदा त्यांना समाधान वाटलं. पाय लांब करून, मागे रेलून ते म्हणाले, "अठ्ठेचाळीस वर्षं सांगतोय. एक विसरतोस तू. अरे, आठवीतलं गणित."

रतननं कमरेवर हात ठेवले.

"न्हाई विसरलो," तो म्हणाला. "ऊठ तिच्यावरनं."