कडुबाच्या पेटीचा घोगरा पंचम

माझी नात मोनाली २०२३च्या मे महिन्यात बजाजनगरात सासरी गेली, आणि त्याच मांडवातून कडुबाची पेटी चोरीला गेली. मोनाली सुखात आहे. खालील निवेदन पेटीविषयी आहे.

आमच्या भीमगीतांच्या संचात कडुबा चाळीस वर्षं पेटीवर, मी ढोलकीवर आणि केसरबाई गायला. पोलीस ठाण्यात जमादारांनी पहिला प्रश्न विचारला, "बिल?"

पेटी कडुबाला सासऱ्याने दिलेली. सासऱ्याने बिल दिलं नव्हतं.

"मग ओळखीची खूण?"

"वरचा पंचम घोगरा हाय, साहेब. सर्दी झाल्यावाणी," कडुबा म्हणाला.

जमादारांनी तसं लिहून घेतलं, शिक्का मारला. कागदावर शिक्का बसला म्हणजे निम्मी पेटी सापडली, असं मला वाटलं.

कडुबाला दम्याने घेरलं होतं. आम्ही दुसऱ्या पेट्या पुढे ठेवल्या; तो हात मागे घ्यायचा. "एकदा माझीवर बोटं फिरू द्या, गड्यांनो. मग मला न्या कुठं न्यायचं तिथं."

दहा महिने तपास चालू असल्याचं आम्हाला कळवण्यात येत होतं. मग केसरबाई एका बारशाला वैजापूरला गेली. लाऊडस्पीकरवर घोगरा पंचम ऐकला आणि जेवत्या ताटावरून उठली. पेटी अभय नावाच्या ऑर्केस्ट्रावाल्याकडे होती. त्याने ती जुन्या बाजारात घेतली होती. "घेऊन जा, मावशी," तो म्हणाला. "मला बी ती कधी माझी वाटली नाय."

"चला, थेट कडुबाच्या दारात," केसरबाई म्हणाली.

"असं कसं? काम रीतसर झालं पाहिजे," मी म्हणालो. "पेटी ठाण्याच्या मोठ्या साहेबांच्या हस्ते द्यायची. साहेबांचा सत्कार करायचा."

"कामून? त्यांनी काय केलं?"

"सत्कार काही केलं म्हणून नसतो, बाई. खुर्चीवर बसलेत म्हणून असतो."

आमच्यातला कचरू पेट्या दुरुस्त करतो. तो म्हणाला, "अशी बेसूर पेटी साहेबांपुढं नेता व्हय? लई इज्जत जाईल." त्याने पेटी उघडली, त्या सुराची पितळी पत्ती घासली. चाळीस वर्षांची सर्दी पाच मिनिटांत गेली. क्रांती चौकात शाल आणि पुष्पगुच्छ घेतला. ठाण्यात सत्कार झाला, फोटो झाला. टाळ्या संपल्यावर जमादार म्हणाले, "आता ओळख पटवा."

कडुबाला बोलावून घेतलं. तो धापा टाकत आला. बसला. भाता ओढला, बोटं वर सरकली आणि पंचमावर थांबली. त्याने तो पुन्हा दाबला. जमादारांनी मोबाइलवर सूर तपासायचं ॲप लावलं होतं. हिरवा दिवा लागला.

"सूर बरोबर आहे," जमादार म्हणाले. "म्हणजे पेटी चूक आहे."

कडुबाने हात उचलला. "माझीवाणी दिसती. पण ही माझी नाय."

"दादा, तुझीच हाय!" कचरू ओरडला. "मी पत्ती घासली."

"म्हणजे मुद्देमालात फेरफार?" जमादारांनी पेन उघडलं. "पूर्ण नाव सांगा."

कचरूने पेनाकडे पाहिलं. मग म्हणाला, "नाय साहेब, चुकून बोललो." कडुबाने माझ्याकडे पाहिलं. मी फोटो नीट आलाय का ते पाहत होतो.

केसरबाई एकटी म्हणाली, "तिघं मिळून म्हाताऱ्याला फसवता काय? व्हय, घासली! म्या पाहिली!"

"तुमचा अर्जात उल्लेख नाही," जमादार म्हणाले.

पेटी बेवारस ठरली आणि कपाटात गेली. कडुबाने नऊ अर्ज केले. प्रत्येकाला एकच उत्तर आलं : घोगरी पेटी आढळल्यास कळवण्यात येईल. आम्ही कलावंतांनीही तीव्र निषेधाचं निवेदन दिलं. साहेबांनी ते हसून स्वीकारलं. त्याचाही फोटो आहे.

सत्काराच्या फोटोत साहेब आहेत, पेटी आहे, मी आहे. कडुबा नाही, तोवर त्याला बोलवायचं कोणाला सुचलं नव्हतं. तो फोटो मी सगळ्या ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'अखेर न्याय मिळाला'. दोनशे बारा जणांनी अंगठा दाखवला. त्यात तुमचा नसेल तर एकदा मोबाइल उघडून खात्री करून घ्या.

पेटी अजून ठाण्यात आहे. कडुबा रविवारी, ९ फेब्रुवारी २०२५ रोजी सकाळी वारला.