अकरा हजार निबंधांचा डेटाबेस

शोधनिबंधांचा डेटाबेस निवडायला अक्कल लागते, हे पीएचडी करणाऱ्या पाळणाघरवाल्या ताईंना मान्यच नव्हतं. सोळा वर्षं दुसऱ्यांची पोरं सांभाळलेल्या बाईला एक यादी भारी पडणार होय? ग्रंथपालबाई सांगत होत्या, "आधी तो कोणत्या विषयाचा आहे ते बघा." पण ताईंनी शोधायला ‘आईपासून ताटातूट’ एवढंच टाकलं. शिक्षणशास्त्राच्या डेटाबेसमध्ये निघाले तीनशे निबंध, त्याखालच्यात अकरा हजार! ताईंनी खालचा धरला.

सारांश वाचून त्या हरखूनच गेल्या. गट अ, गट ब, वय सहा आठवडे. पहिले तीन दिवस खाणं कमी, आरडाओरडा जास्त. अगदी त्यांच्याच पाळणाघरातलं! मग अख्खा निबंध कशाला उघडायचा? बेचाळीस संदर्भ जमले आणि प्रबंधाचं पहिलं प्रकरण समितीकडे गेलं. आजच्या बैठकीत ते पसंत पडलं नाही, तर पीएचडीची नोंदणीच रद्द होणार होती.

बैठकीला तासभर असताना एका संदर्भाचा पान क्रमांक हवा म्हणून त्या ग्रंथालयात आल्या. ग्रंथपालबाईंनी तो निबंध उघडला आणि चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

"काय झालं?"

"फोटो आहे, ताई."

"बाळाचा?"

"वासराचा."

ताईंनी खुर्ची पुढे ओढली. "दुसरा उघडा!"

दुसऱ्यात कोकरं. तिसऱ्यात डुकराची पिल्लं, चांगली अकरा!

"हा पशुवैद्यकांचा डेटाबेस आहे, ताई."

"मग सारांशात सांगायला काय झालं होतं मेल्यांना?"

"इथं येणाऱ्याला माहीत असतं, असं वाटलं असेल त्यांना."

तासाभरानं ताई समितीसमोर उभ्या राहिल्या. कबूल करून टाकावं म्हणून त्यांनी तोंड उघडलं, तोच अध्यक्षांनी त्यांच्या प्रकरणातून वाचलं, "‘नव्या आलेल्याला जुने डोक्यानं ढुशा देतात.’ हे तुम्ही स्वतः पाहिलंय?"

"रोज!"

"‘आणि चाटतात’?"

"तेसुद्धा, सर. पण हे..." आणि ताईंचा बांध फुटला. वासरं, कोकरं, डुकरं, सगळं सांगून टाकलं. आता संपलं, असं वाटून त्यांना रडूच आलं.

अध्यक्षांनी कागद ताईंकडे सरकवले. "दोन महिने देतो. हे संदर्भ काढून टाका आणि रोज जे बघता तेच लिहा."

ताईंच्या जिवात जीव आला. कागद गोळा करून त्या दाराशी पोचल्या, तेवढ्यात समितीतल्या एक सदस्यबाई म्हणाल्या, "थांबा जरा. माझा नातू तुमच्याकडेच असतो. महिनाभर रोज सकाळी त्याची पाठ ब्रशनं घासता, ते कुणावरचं संशोधन?"

ताईंनी मान खाली घातली. "वासरांवरचं. पण रडायचा थांबला ना!"